लायसनवर पॉइंट येणार म्हणतात. गाडी एकाची अन् स्टेअरिंगवर दुसरा, तर ते कोणावर पडणार?

केळीवाला पिकअप, रावेर:

राम राम मंडळी.

नियम मोडला की दंडाच्या जोडीला लायसनवर पॉइंट चढवायचे, अन् ठरावीक आकडा गाठला की लायसन काही महिने बंद ठेवायचं, अशी पद्धत आपल्या देशात आणायची चर्चा दिल्लीत चालू आहे. आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात गाडीवाले भेटले की हाच विषय निघतो. निम्मे म्हणतात पोट मारायचा धंदा आहे, निम्मे म्हणतात बरं होईल. मला नीट समजून घ्यायचंय म्हणून जरा लांबण लावतो.

माझ्याकडे दोन पिकअप. एक मी चालवतो, दुसरीवर ड्रायव्हर. काम केळीचं. बागेत कटाई झाली की माल भरायचा अन् रेल्वेच्या धक्क्यावर, नाहीतर दिल्लीला निघालेल्या ट्रकपाशी नेऊन खाली करायचा. कधी नाशिक-मुंबईचं भाडं लागतं. दुसरी गाडी बायकोच्या नावावर आहे, कारण कर्ज तिच्या नावानं काढलं. तिला गाडी चालवता येत नाही अन् लायसनही नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या मोबाईलवर चलान आलं. सीटबेल्ट नाही, एका मोठ्या शहरातल्या चौकातला कॅमेरा. लिंक उघडून फोटो पाहिला. नंबर प्लेट लख्ख, अक्षर न् अक्षर वाचता येतं. वर पाहिलं तर काचेवर उन्हाचा पांढरा पट्टा, त्याच्यामागे एक हात अन् कोपरापर्यंतची बाही. चेहरा नाहीच. पट्टा लावलाय का नाही हे त्या फोटोवरून मी सांगू शकत नाही, अन् कोण बसलंय हे तर अजिबात नाही. त्या दिवशी नेहमीचा ड्रायव्हर लग्नाला गेला होता, बदली माणूस होता. तो नंतर सुरतला कामाला निघून गेला. दंड आम्ही भरून टाकला. पैसे भरून विषय संपतो. पण पॉइंट भरून संपत नाहीत, ते माणसाच्या नावावर बसतात. ज्या बाईला लायसनच नाही तिच्या नावावर ते बसणार कसे? का मग घरात एकच लायसन आहे म्हणून माझ्यावर येणार?

दुसरं, मी सीझनमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर असतो. गावातला एखादा नोकरदार रविवारी कार काढतो, पद्मालयला नाहीतर मनुदेवीला जाऊन येतो अन् गाडी झाकून ठेवतो. त्याला अन् मला वर्षाचा आकडा एकच ठेवणार का? मी त्याच्यापेक्षा काळजीनं चालवली तरी माझे पॉइंट जास्त होणार, कारण मी रस्त्यावरच जास्त आहे.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागतं. दीड टनाची गाडी. बागेत व्यापारी उभा राहून म्हणतो, अजून चार ओळी बसव, दुसरी गाडी कशाला करायची. नाही म्हटलं तर उद्यापासून भाडं दुसऱ्याला. रस्त्यात वजन झालं तर पॉइंट कोणाला? ड्रायव्हरला. माल ज्यानं बसवला तो तर लायसन काढायलाही कधी आरटीओत गेलेला नसतो.

पॉइंटला माझा विरोध नाही. नुसत्या दंडानं ज्याच्याकडे पैसा आहे त्याला काही फरक पडत नाही, हे डोळ्यानं पाहतो. पण न्याय कसा होणार ते कोणी समजावून सांगा. ज्यांना कायद्याची किंवा बाहेरच्या देशांची माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

स्टेअरिंग, धुळे:

भाऊ, तुना प्रश्न बराबर शे. मी जन्मभर मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवला, आता पोरांना शिकवतो. म्हणून पहिले ड्रायव्हरच्या बाजूनं बोलतो.

दंड हा शेठ भरतो अन् पगारातून कापतो, नाहीतर कापतही नाही. कापला नाही तर ड्रायव्हरला त्याचं काही वाटत नाही, अन् कापला तर तो पुढच्या ट्रिपला वेळ वाचवून तेवढे पैसे काढायला पाहतो, म्हणजे अजून जोरात हाणतो. दोन्हीकडून रस्त्याचं नुकसान. पॉइंट असता तर शेठच्या पैशानं मिटला नसता. आमदाराचा पोरगा असो का क्लीनरचा, आकडा सारखाच वाढला असता. एवढ्यापुरता मी पॉइंटच्या बाजूचा आहे.

पण एक ऐका. ढोर दुसऱ्याच्या शेतात शिरलं की कोंडवाड्यात जातं अन् मालक दंड भरून सोडवून आणतो. ड्रायव्हरचं लायसन कोंडवाड्यात गेलं तर मालक सोडवायला येत नाही, दुसरा ड्रायव्हर शोधतो. गाडी एक दिवसही उभी राहत नाही.

शिरपूर तालुक्यात पळासनेरला जुलै २०२३ मध्ये काय झालं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ब्रेक गेलेला कंटेनर गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला, किमान १० माणसं गेली. त्या एका गाडीबद्दल मी काही म्हणत नाही, तपास करणाऱ्यांचं ते काम. पण त्याच रोडवरचा बिजासन घाट मी असंख्य वेळा उतरलोय. ब्रेकचे लायनर घासलेली गाडी घेऊन घाटात जा म्हणणारे मालक मी पाहिलेत. 'पुढच्या खेपेला करू' हे वाक्य ऐकल्याशिवाय एकही ड्रायव्हर रिटायर झालेला नाही. ब्रेकचे पॉइंट लायसनवर टाकून काय होणार? ते गाडीच्या परमिटवर टाका.

वकील, अमळनेर:

थोडं कायद्याचं बोलतो, कारण इथे बरेच जण धरून चालले आहेत की सध्या फक्त दंड आहे आणि लायसनला धक्का लागत नाही. तसं नाही.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या बदलाचा बराचसा भाग १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. वेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं, असं कलम २०६ सांगतं. मग कलम १९ खाली पहिल्या वेळी ३ महिने अपात्रता आणि दुसऱ्या वेळी लायसन रद्द. त्याच्या आधी, २०१५ सालीच, सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना कळवलं होतं की वेग, सिग्नल तोडणं, मालगाडीत जादा वजन, मालगाडीत माणसं बसवणं, दारू आणि गाडी चालवताना मोबाईल, या सहा बाबतींत लायसन किमान ३ महिने निलंबित करा.

म्हणजे कागदावर आजचा कायदा पॉइंटपेक्षा कडक आहे. मधली पायरीच नाही. एकदा पकडला की थेट तीन महिने, नाहीतर मग काहीच नाही. रोज कोर्टात जे पाहतो त्यावरून सांगतो, शिक्षा इतकी मोठी असली की ती लावणाऱ्याचाच हात आखडतो. लायसन आरटीओकडे जायच्या ऐवजी पावती फाडून मोकळं केलं जातं. पॉइंटमध्ये पायऱ्या असतात: एक चढला, दोन चढले, माणसाला दिसतं की आपण कुठे पोचलो. माझ्या मते त्याचा खरा फायदा हाच आहे आणि गरीब ड्रायव्हरच्या दृष्टीने तो आजच्यापेक्षा बरा आहे.

आता केळीवाले भाऊंचा मुख्य प्रश्न. चलान गाडीच्या नंबरावर निघतं, पण लायसन माणसाचं असतं. या दोहोंना जोडणारं कलम आपल्याकडे आहे, कलम १३३. मागितल्यावर मालकाने ड्रायव्हरचं नाव आणि लायसनची माहिती द्यायला हवी. इंग्लंडमध्ये हेच फार कडक केलं आहे. कोण चालवत होतं हे मालकाने सांगितलं नाही तर त्याच्याच लायसनवर ६ पॉइंट, आणि तिथे ३ वर्षांत १२ झाले की सहसा किमान ६ महिने गाडी बंद. तिथे कोर्टात जाऊन 'माझ्या घरावर असाधारण संकट येईल' हे पुराव्यानिशी पटवून द्यायची मुभा असते. पटलं तर बंदी टळू शकते.

इटलीचं उदाहरण मात्र तुमच्या बायकोच्या चलानाशी अगदी जुळतं. तिथे २००३ मध्ये पॉइंटचं लायसन आलं. सुरुवातीला २० पॉइंट हातात असतात आणि चुकलं की कमी होतात. कॅमेऱ्यात ड्रायव्हर ओळखू आला नाही आणि मालकाने नाव दिलं नाही, तर मालकाचे पॉइंट कापायचे असा नियम होता. २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. पॉइंट ही चालवणाऱ्याच्या वागणुकीवरची शिक्षा आहे, मालकी आहे म्हणून ती लावता येत नाही, हा त्यामागचा विचार. आता नाव न देणाऱ्या मालकाला वेगळा दंड लागतो, पॉइंट नाही. आपल्याकडे नियम लिहिताना हे आधीच लिहून घेतलं पाहिजे, नाहीतर वीस वर्षं कोर्टात भांडत बसू.

नंदुरबारचा, सध्या जर्मनीत:

मी नंदुरबार जिल्ह्यातला, इकडे गाड्यांच्या कारखान्यात काम करतो. इथे ही पद्धत १९७४ पासून आहे. सगळे पॉइंट फ्लेन्सबुर्ग नावाच्या उत्तरेकडच्या गावातल्या सरकारी कार्यालयात नोंदतात. लोक तर 'फ्लेन्सबुर्गला किती झाले' असंच विचारतात. पूर्वी १८ झाले की लायसन जायचं, १ मे २०१४ पासून ८ केले आणि छोट्या चुका पॉइंटमधून काढून टाकल्या. ६० युरोच्या आतल्या दंडाला पॉइंटच नाही. गुन्ह्याच्या वजनाप्रमाणे १, २ किंवा ३ चढतात आणि अडीच, पाच किंवा दहा वर्षांनी पुसले जातात.

केळीवाले भाऊंना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इथे वेगाचा कॅमेरा गाडीचा फोटो समोरून काढतो, कारण दंडसुद्धा चालवणाऱ्याला लागतो, गाडीच्या मालकाला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आलेलं पत्र मी पाहिलं. काळा-पांढरा फोटो, त्यात त्याचा चेहरा, चष्म्याची काडीसुद्धा दिसत होती, आणि बाजूच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा झाकून टाकलेला. खाली लिहिलेलं, हे तुम्हीच आहात का, तुमचं म्हणणं काय. चेहरा ओळखू आला नाही तर प्रकरण पुढे नेणं त्यांना अवघड जातं. मग मालकाला, पुढे काही काळ प्रत्येक वेळी गाडी कोण चालवतं याची वही ठेवा, असा आदेश देऊ शकतात.

फ्रान्समध्ये १ जुलै १९९२ ला पॉइंट आले तेव्हा ट्रकवाल्यांनी हायवे अडवून देश ठप्प केला होता. त्यांचा मुद्दा आपल्यासारखाच होता: आम्ही रस्त्यावरच राहतो, आमचे पॉइंट आधी संपणार. पद्धत तरीही राहिली. पण आता चार पॉइंट परत मिळवायचा कोर्स आहे, आणि जानेवारी २०२४ पासून ५ किलोमीटरच्या आतल्या वेगाच्या चुकीला दंड आहे, पॉइंट नाही. हळूहळू घासून घासून ती माणसाच्या मापाची झाली. आपल्याकडे पहिल्या दिवशीच तशी करता येईल, कारण दुसऱ्यांनी काय भोगलं ते समोर आहे.

अजून एक. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये एक संशोधन आलं होतं. पॉइंट लागू झाले की अपघात सुरुवातीला १५ ते २० टक्के कमी होतात, आणि दीड वर्षाच्या आत तो परिणाम ओसरतो. कारण लोकांना कळतं की पकडणारं कोणी नाही. म्हणून आकडा १२ ठेवायचा का २० यावर भांडण्यापेक्षा रस्त्यावर रोज तपासणी होते का, हे विचारा.

शिक्षिका, जळगाव:

तुम्ही सगळे गाडीच्या आतून बोलताय. मी बाहेरून बोलते.

आमच्या शहराच्या पोटातून महामार्ग जातो. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी किती आंदोलनं केली ते इथल्या लोकांना सांगायला नको. माझ्या शाळेतली मुलं सायकल हातात धरून दुभाजकाच्या फटीपाशी उभी राहतात आणि वाळूचे डंपर त्यांच्या केसांना वारा लावून जातात. माझ्या एका सहकारी बाईंच्या स्कूटीला तसाच एक डंपर लागला. त्या वाचल्या, पण आता वर्गात उभं राहून शिकवू शकत नाहीत.

केळीवाले दादा, तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. दुसरा मला मान्य नाही. तुम्ही जास्त वेळ रस्त्यावर असता, म्हणजे माझ्या मुलांसमोर जास्त वेळ असता. ज्याचा धंदाच चालवणं आहे त्याने जास्त सांभाळून चालवावं, ही अपेक्षा मी करणार. हैदराबादला ऑगस्ट २०१७ मध्ये पॉइंट सुरू केले तेव्हा २४ महिन्यांत १२ झाले की लायसन एक वर्ष बंद असं ठरलं होतं. त्यात दारू पिऊन दुचाकी चालवली तर ३, कार किंवा ट्रक असेल तर ४, आणि प्रवासी नेणारी बस-टॅक्सी असेल तर ५. म्हणजे धंद्याच्या गाडीला सवलत दिली नाही, उलट वजन वाढवलं. मला ते बरोबर वाटतं. डंपरखाली आलेल्या माणसाला तो ड्रायव्हर दिवसभरात किती किलोमीटर चालला याने काही फरक पडत नाही.

केळीवाला पिकअप, रावेर:

ताई, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. घरी बायकोलाही वाचून दाखवलं. तिनं तुमचीच बाजू घेतली.

दारू, वेग, उलट्या बाजूनं घालणं, मोबाईल: यात मला सवलत नको. जास्त चालवणाऱ्याला जास्त जबाबदारी, कबूल. मी किलोमीटरचं बोललो ते बारीकसारीक गोष्टींपुरतं राहू द्या. गावागावात पार्किंगची जागाच नाही, बोर्ड नाही, अन् उभी राहिली म्हणून चलान; त्याला पॉइंट नको. जर्मनीवाल्या भाऊंनी सांगितलं तसं छोट्या दंडाला पॉइंट नाही, एवढं केलं तरी आमची अर्धी तक्रार जाते.

पण एका गोष्टीवर मी हटणार नाही. पॉइंट ज्याच्या हातात स्टेअरिंग होतं त्याच्याच नावावर, अन् तो कोण होता हे सरकारनं सिद्ध करायचं. नंबर प्लेटवरून अंदाज नको. त्यासाठी कॅमेरा चेहरा दिसेल असा लावा, नाहीतर पोलिसानं गाडी थांबवून लायसन पाहून नोंद करा. आमच्याकडून मागाल ते देऊ, कोणती गाडी कोणी नेली ते लिहून ठेवू. नाव लपवणाऱ्या मालकाला जबर दंड करा, मला चालेल. त्यात माझाच फायदा आहे, कारण आज चांगला ड्रायव्हर अन् बेफिकीर ड्रायव्हर यांत कागदावर फरकच दिसत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्याचे पॉइंट मला पाहता आले तर मी शून्यवाल्याला दोन पैसे जास्त देईन.

जादा वजनाचं तर माझं म्हणणं आणखी पुढे आहे. ते पॉइंट माल भरणाऱ्या व्यापाऱ्यावर अन् गाडीमालकावर जाऊ द्या. मालक म्हणून माझ्यावर आले तरी चालतील. मग मी बागेत उभा राहून म्हणू शकेन, शेठ, माझं परमिट जाईल, दुसरी गाडी करा. आज माझ्याकडे नाही म्हणायला काही आधारच नाही. सगळ्यांवर सारखा धाक आला तर भाडं दुसऱ्याकडे जायची भीती उरत नाही, कारण दुसराही नाहीच म्हणणार.

स्टेअरिंग, धुळे:

हा शेवटचा मुद्दा सरकारच्या कानावर घाला कोणीतरी. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळ पानेवाडीला टँकर थांबले अन् पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा राग कशाचा होता? अपघात करून पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं आमच्याशी बोलल्याशिवाय नव्या कायद्यात लिहून टाकलं, याचा. पॉइंटचा नियम करताना धुळे, शिरपूर, भुसावळच्या ट्रक उभ्या राहतात तिथं येऊन ड्रायव्हरांना विचारा. आम्ही नाही म्हणणार नाही. अन् सेंधव्याला म्हणजे एमपीत झालेला गुन्हा धुळ्याच्या लायसनवर त्याच दिवशी दिसला पाहिजे, नाहीतर दोन राज्यांत दोन लायसनं बाळगणाऱ्याचंच फावेल.

वकील, अमळनेर:

जादा वजनाबाबत: कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि तो नुसत्या चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतो. म्हणजे धागा कायद्यात आहे, पॉइंटमध्ये तो ओढून आणायचा आहे. हरकती-सूचना मागवतील तेव्हा हेच एका पानात लिहून पाठवा, मी मसुदा करून देतो.

आणि वहिनींच्या मोबाईलवर पुन्हा असं चलान आलं तर लगेच भरून टाकू नका. भरलं की मान्य केल्यासारखं होतं. ऑगस्ट २०२१ च्या नियम १६७ अ प्रमाणे अशा कॅमेऱ्याला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, तिथे कॅमेरा असल्याचा फलक लागतो, आणि नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी लागते. फोटोची तारीख आणि मेसेजची तारीख आधी ताडून पाहा. मग ऑनलाइन तक्रार करा, गाडी कोण चालवत होतं ते नाव आणि लायसन नंबर द्या, फोटोत चेहरा दिसत नाही हे लिहा. लायसन अपात्र करायची वेळ कोणावर आलीच, तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

केळीवाला पिकअप, रावेर:

वकीलसाहेब, ड्रायव्हरची वही साध्या शंभर पानी रजिस्टरमध्ये मराठीत लिहिली तर चालेल का? का काही ठरलेला नमुना आहे?

वकील, अमळनेर:

मराठीत चालेल. तारीख, निघायची आणि परत यायची वेळ, गाडी नंबर, कुठून कुठे, ड्रायव्हरचं नाव, लायसन नंबर आणि त्याची सही. बदली माणूस असेल तर चावी देण्याआधी त्याच्या लायसनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सही रोजची रोज घ्या, महिनाअखेर एकदम नको. एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेली वही समोरच्या वकिलाला लगेच ओळखू येते.